व्यसन आणि मानसिक आजार एकाच पेशंटमध्ये: उपचारकासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

"आधी दारू पूर्ण बंद करा, मग डिप्रेशनचं बघू," असं मानसोपचार विभागात सांगितलं जातं. तोच माणूस व्यसनमुक्ती केंद्रात गेला की "यांना भास होतात, आधी सायकियाट्रिस्टकडून स्थिर करून आणा," असं ऐकायला मिळतं. दोन्हीकडचे लोक आपापल्या जागी प्रामाणिक असतात. पेशंट मात्र मधल्या मधे अडकतो, दोन-तीन चकरा मारतो आणि येणंच बंद करतो.

पूर्वी उपचाराच्या दोनच रीती होत्या. एक आजार आधी, दुसरा नंतर. किंवा दोन्ही एकाच वेळी, पण वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांकडून. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत केनेथ मिन्कॉफ, रॉबर्ट ड्रेक, किम म्यूझर यांच्यासारख्यांनी तिसरी रीत पुढे आणली: एकच टीम, एकच योजना, दोन्ही आजारांवर बरोबरीने काम. यालाच एकात्मिक उपचार म्हणतात. मला वाटतं, टीम मोठी नसली तरी हे जमतं. पेशंट ज्या दारातून आला त्या दारातल्या माणसाने "हे माझं काम नाही" असं म्हणायचं नाही, एवढं ठरवलं की सुरुवात झाली.

हा लेख सायकियाट्रिस्ट, फॅमिली डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, नर्स आणि समाजसेवक या सगळ्यांसाठी आहे. औषधांचा भाग डॉक्टरांनी ठरवायचा. पण बाकीच्यांनाही तो कळलेला असावा, कारण धोक्याची पहिली खूण बहुतेकदा त्यांच्याच नजरेला पडते.

पायरी १: आज रात्री जिवाला धोका आहे का?

निदानाचा विचार यानंतर. पहिल्या भेटीत विड्रॉवल (नशा थांबल्यावर उठणारा त्रास), आत्महत्या आणि ओव्हरडोस यांचा अंदाज घेतल्याशिवाय पेशंटला घरी पाठवू नये.

दारूबद्दल "शेवटचं कधी प्यायलात?" एवढंच विचारून थांबू नका. किती तास झाले ते काढा. थरथर, घाम, अस्वस्थपणा साधारण ६ ते २४ तासांत सुरू होतो. झटके (फिट) येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत जास्त. डेलिरियम ट्रेमेन्स (शुद्ध बिघडवणारा तीव्र विड्रॉवल) बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान उभा राहतो. पूर्वी कधी विड्रॉवलमध्ये झटका आला होता का, डेलिरियम झाला होता का, हे प्रत्येकाला विचारायचं. उत्तर "हो" असेल तर घरी डिटॉक्स (शरीर नशामुक्त) करायचा विचार सोडून द्या. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, म्हणजे बेन्झोडायझेपिन, दीर्घकाळ घेऊन एकदम बंद केल्या तरी असेच जीवघेणे झटके येऊ शकतात.

दुहेरी आजारात, म्हणजे व्यसन आणि मानसिक आजार एकत्र असताना, इथेच मोठी गल्लत होते. माणूस भिंतीवरचे किडे झटकतोय, कुणाशी तरी बोलतोय, घाबरलाय. फाइलवर स्किझोफ्रेनिया लिहिलेलं आहे, म्हणून अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरचं) इंजेक्शन दिलं जातं. पण त्याला आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत हे सांगता येतंय का? शुद्ध कमी-जास्त होतेय का? नाडी धावतेय, ताप आहे, हात थरथरताहेत का? तसं असेल तर हा डेलिरियम आहे असं धरूनच चाला. दारूच्या विड्रॉवलमध्ये मुख्य औषध बेन्झोडायझेपिन. अँटिसायकोटिकमुळे झटक्याचा उंबरठा उलट खाली येतो. विड्रॉवलची तीव्रता मोजायला सिवा-एआर ही दहा मुद्द्यांची पट्टी वापरतात. मात्र तिचे बरेचसे मुद्दे पेशंटच्या उत्तरांवर बेतलेले आहेत. भास आणि घबराट आधीपासूनच असतील तर गुण उगाच फुगतात, आणि गप्प बसणाऱ्या पेशंटमध्ये ते फसवे कमी येतात. अशा वेळी नाडी, रक्तदाब, घाम आणि थरथर यांच्यावर जास्त विसंबा.

लिव्हर खराब असेल तर डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडऐवजी लोराझेपाम किंवा ऑक्साझेपाम. थायमिन (बी१ जीवनसत्त्व) विसरायचं नाही. भरपूर पिणाऱ्याच्या आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही, म्हणून धोका असलेल्यांना इंजेक्शनने, आणि ग्लुकोज द्यायचं असेल तर त्याच्या आधी किंवा सोबत. गोंधळलेलं मन, झोक जाणं आणि डोळ्यांच्या हालचाली बिघडणं ही थायमिन कमी पडून मेंदूला होणाऱ्या वेर्निके आजाराची तीन लक्षणं. तिन्ही दिसेपर्यंत वाट पाहिली तर उशीर होतो. एकावरही संशय आला तरी उपचार सुरू करा.

आत्महत्येबद्दल थेट विचारा: "जगणं नको वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं हे ठरवलंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. नशेत कुणी "मरून जातो" म्हणालं तर घरचे बरेचदा "पिऊन बडबडतो" म्हणून सोडून देतात. उपचारकाने तसं सोडायचं नाही. उतरेपर्यंत लक्ष ठेवून थांबवायचं आणि मग पुन्हा सविस्तर बोलायचं.

सुरक्षा-योजना लिहून द्यायची पद्धत बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडली आहे. धोक्याच्या खुणा, स्वतः करता येण्यासारखे उपाय, मन दुसरीकडे गुंतवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी जवळची माणसं, व्यावसायिक मदत, आणि घरातली घातक साधनं दूर करणं, अशा सहा गोष्टी तिच्यात येतात. व्यसन असलेल्या पेशंटसाठी मी एक कसोटी लावते: ही योजना प्यायलेल्या अवस्थेत, रात्री दोन वाजता, त्याला पाळता येईल का? चार पानी फॉर्म तेव्हा कुणी वाचत नाही. एक नाव, एक नंबर, मोठ्या अक्षरात. औषधं एका वेळी थोड्याच दिवसांची द्या आणि घरातल्या माणसाच्या ताब्यात ठेवा. ट्रायसायक्लिक अँटिडिप्रेसंट आणि लिथियम जास्त प्रमाणात घेतल्यास जिवावर बेततं.

ओपिऑइड (अफूसारखे पदार्थ) घेणाऱ्यांमध्ये डिटॉक्सनंतरचे, हॉस्पिटलमधून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत घातक. शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस जुन्याच प्रमाणात घेतो. हे पेशंटला आणि घरच्यांना शब्दांत सांगा, आणि शक्य असेल तिथे नॅलोक्सोन (ओपिऑइडचा ओव्हरडोस उलटवणारं औषध) घरी ठेवायला द्या.

पायरी २: प्रत्येकाला दोन्ही विचारा

नैराश्यासाठी आलेल्याला व्यसनाबद्दल आणि व्यसनासाठी आलेल्याला मनाबद्दल, न चुकता. "तुम्ही ड्रिंक घेता का?" याचं उत्तर "कधीतरी" असं येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी "कालचा दिवस सकाळी उठल्यापासून सांगा" असं म्हणा आणि मधेमधे विचारत जा: तेव्हा काय घेतलं, कितीची बाटली होती, कितीजणांत संपली. तंबाखू, गांजा, खोकल्याचं कोडीनयुक्त औषध, ट्रॅमाडॉल, झोपेच्या गोळ्या यांची नावं घेऊन विचारा. "नशा" म्हटलं की लोक यातलं बरंचसं मोजतच नाहीत. स्किझोफ्रेनियाच्या पेशंटला हात थरथरू नयेत म्हणून दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिलसुद्धा काही जण नशेसाठी जास्त घेतात.

प्रश्नावल्यांपैकी दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट सोपी आहे: दहा प्रश्न, ० ते ४० गुण, ८ किंवा अधिक आले तर पुढे खोदून विचारायचं. नैराश्यासाठी पीएचक्यू-९: ० ते २७ गुण, १० किंवा अधिक आले तर लक्ष द्यायचं, आणि एकूण गुण कितीही असोत, नववा प्रश्न आधी बघायचा, कारण तो मरणाच्या विचारांबद्दल आहे. जोरात पिणं चालू असताना किंवा विड्रॉवलमध्ये झोप, भूक, थकवा यांचे गुण आपोआप वाढतात. म्हणून तीच प्रश्नावली दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा भरून घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

एक सापळा. "हा तर आठवड्यातून दोनदाच पितो" म्हणून सोडून देऊ नका. तीव्र मानसिक आजारात, विशेषतः स्किझोफ्रेनियात, इतरांना फारसं जाणवणार नाही एवढ्या प्रमाणानेही लक्षणं उसळतात आणि औषधं चुकतात.

पायरी ३: काळाची रेघ काढा

या सगळ्या कामात मला सर्वांत उपयोगी वाटणारं साधन म्हणजे एक कोरा कागद आणि दोन रंगांची पेनं. कागद आडवा धरायचा, मधोमध रेघ ओढायची, त्यावर वयाच्या खुणा करायच्या. रेघेच्या वर मनाची लक्षणं, खाली पदार्थ. पेशंटच्या शेजारी बसून, त्याला दिसेल असं.

समजा, तिशीतला एक जण आला आहे. घबराट होते आणि रोज पितो. प्रश्न विचारत गेलं की कागदावर असं उमटतं: पंधराव्या वर्षी वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं की छाती धडधडायची, म्हणून शाळा बुडवायचा. एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा बिअर, आणि त्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मोकळेपणाने बोलला. चोविसाव्या वर्षी कामाच्या ताणात रोजचं पिणं. सत्ताविसाव्या वर्षी कावीळ झाली म्हणून पाच महिने थेंबही नाही. आता सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: "त्या पाच महिन्यांत घबराट कशी होती?" तो म्हणतो, "होतीच की. उलट लग्नकार्यं टाळायचो." एकोणतिसाव्या वर्षी सकाळी उठल्यावर हात थरथरणं आणि घबराटीचे झटके सुरू.

या एका कागदात बहुतेक निदान आलं. लोकांसमोरची भीती दारूच्या आधीपासूनची आहे आणि दारू बंद असतानाही टिकून होती. तिला स्वतंत्र उपचार लागणार. सकाळचे घबराटीचे झटके मात्र नंतर, रोजच्या पिण्याबरोबर आले. त्यांच्यात विड्रॉवलचा मोठा वाटा असणार आणि पिणं थांबल्यावर ते ओसरायला हवेत. हाच माणूस प्रश्नावलीत फक्त "तीव्र घबराट" म्हणून दिसला असता.

रेघ काढताना तीन गोष्टी शोधा: आधी काय आलं, जास्तीत जास्त किती काळ बंद होतं आणि त्या काळात मन कसं होतं, आणि रक्ताच्या नात्यात कुणाला मानसिक आजार, व्यसन किंवा आत्महत्या. पेशंटला आठवत नसेल तर घरच्यांना विचारा, पण पेशंटच्या परवानगीने. कागद त्याला देऊन टाका, झेरॉक्स फाइलला लावा. बऱ्याच जणांनी आपलं आयुष्य असं एका नजरेत कधी पाहिलेलं नसतं.

पायरी ४: आत्ता उपचार सुरू करायचे की थांबायचं?

दारू पिणाऱ्यांपैकी पुष्कळांचं नैराश्य पिणं थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत बरंच उतरतं. मार्क शुकिट यांच्या गटाने १९८०च्या दशकात हे दाखवून दिलं, आणि त्यावरूनच "चार आठवडे थांबा" हा नियम रुळला. नियम उपयोगाचा आहे, पण त्याच्या नावाखाली आजारी माणसं परत पाठवली जातात तेव्हा मला फार वाईट वाटतं. काळाच्या रेघेवर पूर्वी नशेशिवाय नैराश्य किंवा मॅनिया (आजारपणाचा अतिउत्साह) दिसला असेल, आत्महत्येचे विचार असतील, बायपोलर (कधी मॅनिया, कधी नैराश्य) किंवा मनोविकृती (भास-भ्रमांचा आजार) असेल, किंवा खाणंपिणं सुटण्याइतकी तीव्रता असेल, तर थांबू नका. यातलं काहीच नसेल तर थांबा, मात्र त्या काळात दर आठवड्याला भेटा, झोप आणि दिवसाचं वेळापत्रक यांवर काम करा आणि लक्षणांचे गुण लिहीत जा. चार आठवडे पेशंट कोरडा राहूच शकला नाही, तर अट पाळली नाही म्हणून उपचार रोखून धरायचे नाहीत. उपलब्ध माहितीवर निर्णय घ्यायचा.

नशेमुळे झालेल्या भास-भ्रमांबद्दल जास्त सावध राहावं. ते पदार्थ बंद झाल्यावर साधारण महिनाभराहून जास्त टिकले तर स्वतंत्र मानसिक आजाराचा विचार करतात. पण लवकर ओसरले म्हणून फाइल बंद करू नका. डेन्मार्कमध्ये राष्ट्रीय नोंदींवरून केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नशेमुळे मनोविकृती झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना पुढच्या काळात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचं निदान झालं. गांजामुळे झालेल्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. घरच्यांना "गांजामुळे झालं, आता बरा आहे" एवढंच सांगून पाठवण्यापेक्षा, निदान एक-दोन वर्षं नियमित यायला सांगा आणि परत येण्याच्या खुणा समजावून द्या: झोप उडणं, एकलकोंडेपणा, संशय.

मॅनिया ओळखताना एक प्रश्न कामाला येतो: "काहीही घेतलेलं नसताना, दोन-तीन तास झोपूनही ताजंतवानं वाटलं असे सलग दिवस कधी गेले का?" उत्तेजक पदार्थांनी झोप उडते, पण उतरल्यावर माणूस गळून झोपतो.

पायरी ५: बोलणं

विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर विकसित केलेली प्रेरणात्मक मुलाखत व्यसनाच्या उपचारात सर्वदूर वापरली जाते. तिचा गाभा असा की बदलाची कारणं उपचारकाने ऐकवण्यापेक्षा पेशंटच्या तोंडून यावीत. मोकळे प्रश्न, चांगल्या गोष्टीची दखल, त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडणं, आणि मधूनमधून सार सांगणं, एवढ्या चार साधनांवर ती चालते. वाचायला सोपं, करायला अवघड. कारण आपल्याला सल्ला देण्याची घाई असते.

मनोविकृती असलेल्या पेशंटबरोबरचा एक संवाद बघा.

"मॅडम, मी पितो म्हणून झोप लागते. नाहीतर ते आवाज रात्रभर सोडत नाहीत."

इथे "दारूने आवाज आणखी वाढतात, माहीत आहे ना?" असं म्हणायचा मोह होतो. तसं म्हटलं की तो गप्प होतो. त्याऐवजी:

"आवाज इतके छळतात, की दारूशिवाय रात्र निघत नाही."

"हो ना. कुणाला कळत नाही ते."

"आणि सकाळी आवाजांचं काय होतं?"

"सकाळी जास्तच असतात. शिव्या देतात."

"म्हणजे रात्री दारूने दबतात आणि सकाळी जोराने येतात. ज्या रात्री प्यायला नव्हतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कसं होतं?"

"…बघितलं पाहिजे. लक्षात नाही आलं कधी."

"या आठवड्यात बघाल का? फक्त सकाळच्या आवाजांना दहापैकी गुण लिहायचे. दारू सोडायचं आज काहीच ठरवत नाही आपण."

पिण्यामागचं त्याचं कारण खोटं ठरवलं गेलं नाही, आणि दारू व आवाज यांचा संबंध त्याचा त्यालाच दिसू लागला. भास-भ्रम असलेल्या किंवा लक्ष न टिकणाऱ्या पेशंटबरोबर भेट वीस-पंचवीस मिनिटांची ठेवा, एका वेळी एकच प्रश्न विचारा, वाक्यं छोटी ठेवा, आणि ठरलेली गोष्ट कागदावर लिहून द्या. भ्रमांना दुजोरा देणारं सार सांगायचं टाळा, भावनेला द्या. "शेजारी विष घालतात" यावर "तुम्हाला घरात सुरक्षित वाटत नाही" एवढं पुरतं.

पेशंट कोणत्या टप्प्यावर आहे, हे ओळखून वागा. दुहेरी आजाराच्या उपचारात ओशर आणि कोफोएड यांनी १९८९ मध्ये सांगितलेले चार टप्पे अजून वापरात आहेत: नातं जुळणं, मन तयार होणं, प्रत्यक्ष उपचार आणि पुन्हा घसरू नये म्हणून काम. सर्वाधिक चुका पहिल्या दोन टप्प्यांत होतात. माणूस अजून आपल्याशी जुळलेलाही नसतो आणि आपण त्याला ट्रिगरची (नशेकडे ढकलणाऱ्या गोष्टींची) यादी करायला बसवतो. पहिल्या टप्प्यात त्याला हवी ती मदत करा: झोप, दुखणं, कागदपत्रं, नोकरी, घरचं भांडण. दोन्ही आजारांसाठी टप्पे वेगळे असू शकतात. गोळ्या घ्यायला तयार, पण गांजाबद्दल चकार शब्द नको, असं अगदी नेहमी दिसतं.

पायरी ६: औषधांच्या गाठी

डॉक्टरांनी दोन याद्या, मनाच्या औषधांची आणि घेतल्या जाणाऱ्या पदार्थांची, समोरासमोर ठेवून बघायच्या.

सगळ्यात जास्त नजरेतून सुटणारी गाठ धुराची आहे. तंबाखूच्या धुरातल्या हायड्रोकार्बनमुळे लिव्हरमधलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम वाढतं आणि क्लोझापिन, ओलान्झापिन भराभर निघून जातात. रोज पाकीटभर सिगारेट ओढणारा पेशंट वॉर्डात दाखल झाला आणि धूम्रपान बंद पडलं, की तोच क्लोझापिनचा डोस काही दिवसांत जास्त होतो: गुंगी, लाळ, बीपी खाली, कधी झटके. म्हणून सिगारेट सुटताना क्लोझापिनचा डोस कमी करायची तयारी ठेवा आणि सोय असेल तर रक्तातली पातळी बघा. घरी जाऊन पुन्हा ओढायला लागला तर उलटं होतं. हा परिणाम निकोटिनचा नाही, धुराचा आहे. त्यामुळे निकोटिनचा पॅच किंवा गम दिल्याने एन्झाइम वाढत नाही. तंबाखू खाणाऱ्यालाही हे लागू नाही.

"यांचं मन आधीच नाजूक, त्यात सिगारेट कशाला सोडवायची?" असं म्हणणारे उपचारक अजून भेटतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईगल्स या चाचणीत आठ हजारांहून अधिक लोक होते, त्यातले निम्मे मानसिक आजार असलेले किंवा पूर्वी झालेले. सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या औषधांमुळे मानसिक त्रास प्लासिबोच्या (औषध नसलेल्या गोळीच्या) तुलनेत लक्षणीय वाढल्याचं त्यात दिसलं नाही. तंबाखूचा उपचार टाळायला हे कारण आता उरलेलं नाही. ब्युप्रोपिऑन मात्र झटक्यांचा उंबरठा खाली आणतं, म्हणून दारू किंवा बेन्झोडायझेपिन अचानक बंद होत असताना देऊ नये.

दारूसाठीच्या औषधांत ॲकॅम्प्रोसेट किडनीवाटे बाहेर पडतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीच्या कामाचं माप) ३० च्या खाली असेल तर वर्ज्य. नॅलट्रेक्झोन देण्याआधी शरीरात ओपिऑइड नसल्याची खात्री हवी, साधारण ७ ते १० दिवस. नाहीतर जबर विड्रॉवल उसळतं. डायसल्फिरामने डोपामिन वाढू शकतं आणि मनोविकृती बळावू शकते, त्यामुळे स्किझोफ्रेनियात फार जपून. घरचे कधीकधी "न सांगता जेवणातून देतो" म्हणतात. याला ठाम नकार द्या, आणि का ते समजावून सांगा: त्याला माहीत नसताना तो प्यायला तर जीव जाऊ शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत रिॲक्शन येऊ शकते.

ओपिऑइडच्या व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन सुरू करताना विड्रॉवल स्पष्ट दिसेपर्यंत थांबायचं, नाहीतर गोळीच विड्रॉवल ओढून आणते. ब्युप्रेनॉर्फिन किंवा त्याच कामाच्या मेथाडोनसोबत बेन्झोडायझेपिन आणि दारू असेल तर श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. पण तेवढ्यावरून ओपिऑइडचा उपचारच नाकारू नये; अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) २०१७ मध्ये हेच सांगितलं, कारण उपचार न मिळण्यात धोका अधिक आहे. मेथाडोन आणि काही मनोविकाराची औषधं दोन्ही हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी हा काळ लांबवतात: ईसीजी काढा. ट्रॅमाडॉल घेणाऱ्याला एसएसआरआय गटाचं नैराश्याचं औषध देताना झटके आणि सेरोटोनिन सिंड्रोम (सेरोटोनिन फार वाढून होणारा धोक्याचा त्रास) लक्षात ठेवा. लिथियमवर असलेला पेशंट भरपूर पिऊन उलट्या-जुलाबांनी सुकला तर पातळी विषारी होऊ शकते. घबराटीवर दीर्घकाळ बेन्झोडायझेपिन लिहिणं या पेशंटांत टाळावंच. प्रेगॅबालिनचाही गैरवापर होतो.

आणि पेशंटला एक गोष्ट स्पष्ट सांगा: "एखाद्या दिवशी प्यायलात तर त्या दिवशी मनाच्या गोळ्या बंद करायच्या की नाही, हे आधी मला विचारून ठेवा." बरेच पेशंट पितात त्या दिवशी गोळी स्वतःहून टाळतात, आणि महिन्याअखेर डॉक्टरला वाटतं औषध लागू पडत नाही. प्रत्येक औषधासाठी उत्तर वेगळं आहे, म्हणून ते लिहून द्या.

पायरी ७: सत्रांमध्ये काय करायचं

गेल्या आठवड्यातलं एक पिणं निवडा आणि ते कडी-कडीने उलगडा: कुठे होता, कोण होतं, मनात काय आलं, शरीरात काय वाटलं, घेतल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय मिळालं, सकाळी काय राहिलं. दुहेरी आजारात "मनात काय आलं" याच्या जागी बहुधा आजाराचं लक्षण निघतं. नैराश्यातली रविवारची पोकळी, संशयामुळे लोकांत जायची भीती, आघाताची स्वप्नं. ते लक्षण हे कामाचं ठिकाण. रविवारच्या पोकळीला वेळापत्रक, भीतीला हळूहळू सामोरं जाणं, आवाजांना हेडफोन किंवा मोठ्याने वाचन यांसारखे पर्याय, आणि डॉक्टरशी बोलून औषधात बदल.

आघातानंतरच्या तणाव विकाराबद्दल एक जुनी भीती आहे की आघाताला हात लावला तर माणूस पुन्हा नशेकडे जाईल. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, व्यसन चालू असतानाच एक्स्पोजर थेरपी (आघाताच्या आठवणीला हळूहळू सामोरं जाणं) धरून एकत्रित उपचार दिलेल्या गटात आघाताची लक्षणं जास्त कमी झाली आणि व्यसन बळावल्याचं दिसलं नाही. अर्थात पेशंट बऱ्यापैकी स्थिर, सुरक्षा-योजना तयार आणि उपचारक त्या पद्धतीत शिकलेला हवा.

झोपेला स्वतंत्र जागा द्या. दारू किंवा गांजा सुटल्यावर कित्येक आठवडे झोप विस्कटलेली राहते, गांजानंतर स्वप्नं फार पडतात. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट चौथ्या रात्री "मला हे जमणार नाही" म्हणून परत घेतो.

पायरी ८: घसरणं, लघवीची तपासणी, घरची माणसं

अॅलन मार्लॅट यांनी दाखवून दिलं की एका घोटापासून पूर्ण घसरणीपर्यंतचा रस्ता बरेचदा "आता सगळं संपलंच, मी असाच" या विचारातून जातो. नैराश्य असलेल्या माणसात तो विचार आधीच तयार बसलेला असतो, आणि तोच आत्महत्येकडेही नेतो. म्हणून स्लिप (एकदा घसरणं) झाल्याचा फोन आला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बोलवा. भेटीत क्रम ठेवा: आधी जिवाचा धोका, मग गोळ्या चालू आहेत का, मग ती कडी-कडीची उकल. प्यायला म्हणून उपचारातून काढून टाकणं हे मला कधीच पटलेलं नाही. लक्षण दिसलं म्हणून आपण दुसऱ्या कोणत्याही आजाराच्या पेशंटला काढत नाही.

लघवीची तपासणी करायची तर परवानगीने आणि निकाल मोकळेपणाने दाखवून. तिच्या मर्यादाही माहीत हव्यात: साध्या ओपिएट पट्टीत ट्रॅमाडॉल आणि फेंटानिल सापडत नाहीत, बेन्झोडायझेपिनच्या काही पट्ट्यांतून क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम निसटतात. निकालावरून कठोर निर्णय घ्यायचा असेल तर प्रयोगशाळेत पक्की तपासणी करून घ्या.

घरच्यांना एकदा तरी वेगळं भेटा. आई म्हणते "तो मुद्दाम करतो", बायको म्हणते "सगळं मीच सहन करायचं का?" दोघींनाही आजाराची माहिती, झटका आल्यावर काय करायचं, मारहाण झाली तर कुठे जायचं आणि पेशंट न पिता घरी आला तेव्हा त्याच्याशी कसं वागायचं, एवढं ठोस हवं असतं. पेशंटने सांगितलेलं त्यांच्यापर्यंत किती पोचेल, हे पेशंटशी आधी ठरवा आणि तेवढंच पोचवा.

पायरी ९: दुसऱ्या उपचारकाकडे सोपवताना

पाठवावं लागलं तर चिठ्ठी देऊन मोकळं होऊ नका. पेशंट समोर असताना पलीकडच्या माणसाला फोन लावा आणि दोघांची ओळख करून द्या. चिठ्ठीत दोन्ही निदानं, काळाच्या रेघेतल्या मुख्य खुणा, शेवटचं घेतल्याची तारीख आणि वेळ, पूर्वीचे झटके किंवा डेलिरियम, आत्महत्येचे प्रयत्न, चालू औषधं डोससकट आणि पेशंटला स्वतःला काय हवं आहे, हे लिहा. "व्यसनी" किंवा "सहकार्य करत नाही" असे शेरे टाळा; पुढचा माणूस तेच डोक्यात घेऊन दार उघडतो. त्याऐवजी घडलेलं लिहा: "तीन भेटी चुकल्या, फोनवर सांगितलं की बसला पैसे नव्हते."

मुख्य जबाबदारी कुणाची हे नावानिशी ठरवा. वॉर्डातून किंवा केंद्रातून सुट्टी देताना पुढची भेट सात दिवसांच्या आत, तारीख-वेळेसह, सुट्टीच्या कागदावर लिहिलेली असावी. त्या दिवशी पेशंट आला नाही, तर त्याच संध्याकाळी त्याला फोन कोण करणार, हेसुद्धा तिथेच लिहा.